खरीप संपल्यावर मागे वळून बघता का? आणि बघून पुढच्या वर्षी काही बदलतं का?

चिबडवाला

सोयाबीन काढून, मळून झालं. पोती घरात, भुसकट ढिगाला. तूर अजून उभी आहे, तिला फुलं लागायचीत. हरभऱ्यासाठी रान तयार होईपर्यंत दोन-चार दिवस मोकळे मिळतात. हा धागा त्या मोकळ्या दिवसांवर आहे.

आमची मराठवाड्यातली कोरडवाहू काळी जमीन. गावात पारावर हंगामाची चर्चा रोज होते, पण ती दोनच गोष्टींची: पाऊस आणि भाव. पेरणी कोणत्या ओलीवर केली, अमुक तुकड्याला उतारा का कमी आला, तणनाशक मारूनही खुरपण का लागलं, यावर कुणी तोंड उघडत नाही. पाडव्यापर्यंत थांबलं तर ते आठवतही नाही. मृग जवळ आला की बियाणं-खताच्या धांदलीत गेल्या वर्षीचंच पुन्हा.

माझं मत असं, की शेतीतलं शहाणपण नुसत्या वयानं येत नाही. साठ-साठ पावसाळे पाहिलेली माणसं अजून पहिल्या ढगाला तिफण जुंपताना बघतो मी. या चार दिवसांत माणूस स्वतःच्या रानाकडं आणि स्वतःच्या निर्णयांकडं कसा बघतो, त्यावर पुष्कळ ठरतं.

तर तुम्ही नेमकं काय बघता? कुठं लिहिता का? त्यामुळे पुढचा एखादा निर्णय खरंच बदलला का? "बळीराजा हा जन्मजात तत्त्वज्ञ" छापाचं काही नको, ते मोबाइलवर रोज सकाळी येतंच.

थट्टेखोर

आम्ही मागे वळून बघितलं की मागं सोसायटीचा सचिव उभा असतो. म्हणून सरळ पुढं बघून चालतो.

रानजाई

लिहिते. वही नाही, भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा आणि मजुरांच्या हजेरीचा हिशेब त्यावर सगळ्याच घरी असतो. मी त्याच चौकोनात पाऊस आणि खुरपणीच्या बाया लिहायला लागले. वर्ष संपलं की कॅलेंडर फाडायचं नाही, त्याच खिळ्याला मागं राहू द्यायचं.

त्यातून एक गोष्ट दिसली. आमचा वरचा तुकडा नेहमी आधी पेरला जायचा, खालचा उशिरा, कारण खाली वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, लवकर येत नाही. खुरपणीला बाया मात्र वरच्या तुकड्यात जास्त लागायच्या. घरात सगळ्यांचं म्हणणं, वरची जमीनच तणाची. कॅलेंडरची पानं शेजारी-शेजारी धरल्यावर कळलं की खालच्या तुकड्यात पहिल्या पावसाचं तण उगवून आल्यावर वखर फिरतो आणि मग पेरणी होते. वर आपण तणाबरोबरच पेरत होतो. आता वर पण पहिलं तण उगवू देतो, वखरतो, मग पेरतो. पेरणी थोडी लांबते, पण खुरपणीचा एक फेरा वाचतो. मजुरीचा आजचा दर बघता तो फेरा लहान नाही.

रोखठोक_७२

धागा छान आहे, पण मला यात एक वास येतो. शेतकऱ्यानं आत्मपरीक्षण करावं, नोंदी ठेवाव्यात, सुधारावं. म्हणजे तोटा झाला तर दोष त्याचाच.

सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. त्याच्या तीन वर्षं आधी, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, काही बाजारांत दहा हजारांच्या वर भाव होता. तोच माणूस, तेच रान, तीच मेहनत. यात कोणतं आत्मपरीक्षण करू? पारावर पाऊस आणि भाव यांचीच चर्चा होते, कारण पैसा त्या दोनच गोष्टींवर ठरतो. पारावरचे लोक मूर्ख नाहीत.

चिबडवाला

@रोखठोक_७२, मूर्ख म्हटलेलं नाही. भाव माझ्या हातात नाही, मान्य. पण एकरी पाच क्विंटल आलं की आठ, यातला काही भाग आहे की नाही हातात? भाव पडलेला असेल तेव्हा तर तो फरक जास्तच लागतो.

रोखठोक_७२

काही भाग आहे. किती ते सांगा, मग बोलू.

निवृत्त_पर्यवेक्षक

कृषी खात्यात आयुष्य गेलं, म्हणून थोडं लांबण लावतो.

रोखठोकरावांचा मुद्दा बाजूला सारण्यासारखा नाही. खात्याच्या सभांमध्ये आम्हीही बऱ्याचदा शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे व्हायचो, ते सोपं पडतं. पण चिबडवाले म्हणतात त्यात मला वेगळीच अडचण दिसते. मागे वळून बघणारेही बहुतेक वेळा फळ बघतात, निर्णय बघत नाहीत.

धूळपेरणीचं, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरायचं, घ्या. एखाद्या वर्षी ती साधते. ज्याची साधली तो गावात शहाणा ठरतो आणि त्याचं बघून पुढच्या वर्षी अर्धं गाव दुबार पेरणीत जातं. उलट, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबलेल्या माणसाला पुढं महिनाभर खंड पडला तर तो म्हणतो, थांबून काय मिळालं? पुढच्या साली तोही घाई करतो. म्हणजे दोघंही मागे वळून बघतात आणि दोघंही उलटंच शिकतात. पीक आलं म्हणून निर्णय बरोबर आणि गेलं म्हणून चूक, असं नसतं. पेरायच्या दिवशी ओल किती होती, अंदाज काय होता, बी कसलं होतं, तेवढ्यावर तो निर्णय तपासायचा. त्यासाठी त्या दिवशीच लिहून ठेवावं लागतं, नाही तर ऑक्टोबरात प्रत्येकाला वाटतं की "मला तेव्हाच वाटलं होतं".

दुसरं उदाहरण कपाशीचं. २०१७ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं जो हाहाकार केला तो बऱ्याच जणांना आठवत असेल. तो त्या एका हंगामात झाला नाही. बोंडअळीला रोखणाऱ्या बीटी कपाशीला २००२ मध्ये मंजुरी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळायची, कडेनं लावायला, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येऊ नये. ती पुडी लावलेलं रान मला शोधावं लागायचं. त्यात फरदड. डिसेंबरनंतरही पाणी देऊन कपाशी ठेवायची, म्हणजे अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं चालू. दर वर्षी हिशेब मांडला की पुडी न लावल्यानं काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं आणि फरदडीचे चार पैसे वरून दिसत होते. एका हंगामाच्या मोजमापात जे दिसतच नाही ते कसं शिकायचं, हा खरा प्रश्न आहे. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही.

थट्टेखोर

साहेब नोकरीत असताना एवढं सरळ बोलले असते तर आम्ही सभेला चहा संपल्यावरही थांबलो असतो.

वऱ्हाडी_पाव्हणा

फरदड घेऊ नका हे सांगणं सोपं हाये जी. मार्चमधी कास्तकाराच्या हाती दुसरा पैसा कोणता असते? लग्न-सराई तवाच, बँकेचा मार्च तवाच. हिशेबाच्या वहीत फरदड चूक दिसते, घरच्या खर्चात बरोबर दिसते. मी आता कपाशी डिसेंबरात काढून पऱ्हाटी कुटी करतो, पण ते पाण्याची सोय झाली अन् हरभरा घेता आला म्हणून. समज आधी बी होती. सोय मागून आली, तवा ती समज कामी पडली.

बाकी कामगंध सापळे, म्हंजे वासानं अळीचे पतंग ओढणारे, लावून पतंग मोजणं हे मात्र खरंच शिकलो. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग पडले की फवारणीचा विचार. त्याच्या आधी दुकानदार सांगे तवा फवारत होतो.

रोखठोक_७२

पाव्हण्यांनी माझाच मुद्दा माझ्यापेक्षा बरा मांडला. समज असते, सोय नसते.

पंचांगप्रेमी

आमच्या आजोबांना अक्षर ओळख नव्हती, पण चाळीस वर्षांपूर्वीचा हंगाम नक्षत्रानं सांगायचे. "त्या साली आर्द्रात पेरलं, पुष्यात उघडीप, मघा धो-धो, आणि हस्तात ज्वारी टोकली." सोबत म्हण. पडतील स्वाती तर पिकतील मोती. ही त्यांची नोंदवहीच होती. तेरा-चौदा दिवसांचे खण पाडलेले, त्यात आठवण बसवायची. तारीख विसरते, नक्षत्र विसरत नाही. आताच्या पोरांना मृगापलीकडं नाव येत नाही.

तारांगण

आजोबांना नमस्कार, पण एक बारीक गोष्ट. सूर्याचा नक्षत्रप्रवेश ऋतूंच्या तुलनेत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढं सरकतो. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो म्हणून. आज मृग ७-८ जूनला लागतो. हजार वर्षांपूर्वी तोच ऋतूच्या हिशेबानं जवळजवळ दोन आठवडे आधी लागत असणार, म्हणजे एक अख्खं नक्षत्र. त्यामुळे आजोबांनी स्वतः पाहिलेल्या साठ वर्षांसाठी ही पद्धत बिनचूक आहे. फार जुन्या म्हणी मात्र आज एक खण सरकलेल्या असू शकतात.

थट्टेखोर

म्हणजे मृगच उशिरा येतोय होय. आम्ही उगाच हवामान खात्याला बोलत होतो.

पंचांगप्रेमी

@तारांगण, हे कधी ऐकलं नव्हतं. नक्षत्राच्या वाहनाबद्दल पण काही असेल तर सांगून टाका, आजच सगळं मोडून घेऊ.

तारांगण

वाहनाबद्दल माझ्याकडं काही नाही. म्हैस असेल तर भरपूर पाऊस म्हणतात आणि उंदीर असेल तर मध्यम. हे म्हशीनं ठरवलं की उंदरानं, माहीत नाही.

मिलिमीटर

सगळं वाचलं. माझा सल्ला छोटा आहे: पाऊस स्वतः मोजा.

महसूल मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र आपल्या रानापासून कित्येक किलोमीटरवर असतं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर मंडळात अतिवृष्टी धरतात. आमच्याकडं एकदा नदीच्या अल्याड रान वाहून गेलं आणि यंत्र पल्याड कोरडं. पंचनाम्याच्या वेळी ज्यांच्याकडं स्वतःची तारीखवार नोंद होती त्यांना निदान बोलता आलं. ती नोंद सरकारी कागद होत नाही, पण शेजारपाजारच्या दहा जणांचे आकडे जुळले की तलाठीही ऐकून घेतो.

मोजायला महागडं काही लागत नाही. सरळ उभ्या काठाचा डबा मोकळ्या जागी, झाडा-छपरापासून लांब, सपाट ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, हवामान खात्याची वेळही तीच. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटरच्या थोडं वर. हा आकडा एकदा डोक्यात बसला की पावसाकडं बघायची नजरच बदलते. "रात्री बरा झाला" याऐवजी "बावीस झाला, वाफसा परवा" असं बोलायला लागतो माणूस. पर्यवेक्षक साहेबांचं ७५-१०० पण मग अंदाजपंचे राहत नाही.

गावकुसाबाहेर

एकट्यानं मागे वळून बघण्याला मर्यादा आहे, कारण पाणी एकट्याचं नसतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडलं, किती मुरलं, प्यायला किती, जनावरांना किती, उरलेल्यात रब्बीला काय बसतं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे गावानं ठरवून पाळलंय. या कामामागच्या पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात, पण मला त्यातला ताळेबंद जास्त महत्त्वाचा वाटतो. तो जाहीरपणे, दर वर्षी, आकडे फळ्यावर लिहून होतो. चांगल्या पावसाच्या वर्षीही होतो. आपण दुष्काळातच हिशेब काढतो, तेव्हा वाटून घ्यायला काही उरलेलं नसतं.

वऱ्हाडी_पाव्हणा

आमच्या ग्रामसभेत फळा हाये. त्याच्यावर मागच्या सरपंचाचं नाव अजून पुसलं नाही.

पाडवा_ते_पाडवा

इथं सगळे आपापल्या रानाबद्दल बोलतायत, म्हणून लिहितो. माझे वडील सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं, पाडव्याला संपायचं. मालक बदलला की आम्हीही बदलायचो.

त्या रानात पाणी कुठं तुंबतं, कोणत्या कोपऱ्यात हुमणी निघते, कोणत्या बैलाला तिफणीला डावीकडं जुंपायचं, हे सगळं वडिलांना ठाऊक. मालकाला उतारा ठाऊक. साल संपताना हिशेब व्हायचा तो उचलीचा आणि खाड्यांचा. "रान कसं वाटलं, पुढं काय करावं" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. वडील गेले की ती माहिती त्यांच्याबरोबर पुढच्या गावी. नवा गडी यायचा आणि त्याच चिबडात बी कुजवायचा.

एका मालकानं मात्र पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांना बांधावरून अख्खं रान फिरवायला लावलं होतं, नव्या गड्यासोबत. वडील ती गोष्ट शेवटपर्यंत सांगायचे, पगारापेक्षा जास्त अभिमानानं.

रानजाई

@पाडवा_ते_पाडवा, हे वाचून थांबले. माझ्या कॅलेंडरवर बायांची संख्या आहे, त्यांचं म्हणणं कुठंच नाही. आणि खुरपं हातात असलेली बाई जेवढ्या जवळून माती बघते तेवढी बांधावरून फिरणारा कुणीच बघत नाही. सोयाबीनवरचा चक्री भुंगा पहिल्यांदा आमच्याकडं खुरपणीच्या एका आजीनंच दाखवला होता, देठावरच्या दोन खाचा बोट ठेवून.

दुसरं, हिशेबात घरच्यांची मजुरी धरता का कुणी? आमच्याकडं धरत नव्हते. सासूबाईंचे आणि माझे दिवस मी वेगळ्या रंगानं लिहिले आणि गड्याच्या दरानं बेरीज केली. घरात दोन दिवस शांतता होती.

रोखठोक_७२

ताई, हमीभावाच्या भांडणाची सगळी गोम याच रंगात आहे. खिशातून गेलेला खर्च अधिक घरच्यांची मजुरी, हा एक हिशेब. त्यात स्वतःच्या जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरलं की दुसरा, जास्तीचा. सरकार पहिल्यावर दीडपट देतं आणि शेतकरी संघटना दुसऱ्यावर मागतात. तुमच्या कॅलेंडरनं घरात तोच वाद आणला. मी सुरुवातीला नोंदींवर जरा तोडून बोललो, पण अशा नोंदी असतील तर भावाचं भांडणही नीट भांडता येईल. एवढ्यापुरता मी चिबडवाल्यांच्या बाजूला. एवढ्यापुरताच.

थट्टेखोर

लिहून ठेवा, आजची तारीख, वार, नक्षत्र. रोखठोक सहमत झाले.

सांजवात

एक उलट बाजू. प्रत्येक वर्षी मागे वळून बघू नये. २०१५ च्या दुष्काळात, पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या आधीच्या दिवाळीत, आमच्या घरी रोज रात्री तोच हिशेब चालायचा. बोअर घेतली नसती तर, ऊस ठेवला नसता तर. त्यातून शहाणपण आलं नाही, झोप गेली. शेवटी आईनं वही ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि सांगितलं, पुढचा पाऊस पडेपर्यंत हिला हात लावायचा नाही. पाऊस पडल्यावर त्याच वहीतून आम्ही ऊस कमी केला.

ज्यांच्याकडं यंदा पीक हातचं गेलंय त्यांनी हा धागा वाचून स्वतःला कोरडे ओढू नयेत. आणि घरातलं कुणी फारच गप्प झालं असेल तर हिशेब राहू द्या, त्याच्याजवळ बसा.

निवृत्त_पर्यवेक्षक

सांजवात यांचं म्हणणं माझ्या सगळ्या लांबणीपेक्षा कामाचं आहे.

चिबडवाला

सगळ्यांचे आभार. एक लगेच करण्यासारखं काम यातून निघतं, ते बियाण्याचं, म्हणून विचारतो.

२०१९ ला ऑक्टोबरअखेरच्या पावसात सोयाबीन भिजलं होतं आणि २०२० च्या जूनमध्ये राज्यभर बी न उगवल्याच्या तक्रारी आल्या. दोन्ही गोष्टी सगळ्यांना आठवतात, पण वेगवेगळ्या. यंदाही माझा एक ढीग भिजलाय आणि एक कोरडा. घरचं बी ठेवायचं तर कोरड्यातलंच, हे कळतं. अजून काय पाळायचं?

निवृत्त_पर्यवेक्षक

बियाण्यासाठी मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, मिनिटाला ३५० ते ४००. सोयाबीनचं टरफल पातळ, बी आतून तडकतं आणि वरून दिसत नाही. तुमची मळणी झालीये, तर निदान पोती आपटू नका, थप्पी पाचाच्या वर नको, खाली लाकडी फळ्या. भिजलेल्या ढिगाच्या पोत्यांवर आत्ताच खूण करा, मेमध्ये सगळी पोती सारखीच दिसतात.

मग मेअखेर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्यानं मोजा. सत्तर उगवले तर एकरी तीस किलो पुरतं. कमी उगवले तर त्या मानानं बी वाढवा. साठाच्या खाली गेलं तर बियाणं बदललेलं बरं.

रानजाई

आमच्याकडं हे दाणे मोजायचं काम सासूबाईंकडं. शंभर नाही, ओंजळीनं. पण त्यांचा अंदाज गोणपाटाशी जुळतो, मी ताडून बघितलाय.

वऱ्हाडी_पाव्हणा

मिलिमीटर भाऊ, त्या डब्याचं मापकाप काही हाये का? घरी तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा पडला हाये.

मिलिमीटर

चालेल. वरचं झाकण पूर्ण कापून काढा, काठ आत वळलेला राहू देऊ नका. तोंड केवढंही असो, वर-खाली सारखं रुंद पाहिजे. घमेलं, बादली नको, तळाला निमुळती असते. वाऱ्यानं उलटू नये म्हणून तिन्ही-चारी बाजूंनी विटा लावा. आणि बुड गंजून भोक पडलेलं नाही ना, ते बघा.

वऱ्हाडी_पाव्हणा

पडलेलं हाये.

थट्टेखोर

मग तुमच्या मंडळात दर वर्षी दुष्काळ जाहीर. आणेवारीला तोच डबा घेऊन जा.